अटलांटा ते सेल्मा: अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्याची ठिकाणे चार दिवसांत नीट कशी पाहावीत

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या वेळी अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षे झाली होती, कृष्णवर्णीय पुरुषांना मतदानाचा हक्क मिळून तीन वर्षे झाली होती आणि त्या हक्कांच्या पाठीशी दक्षिणेत संघराज्याचे सैन्य उभे होते. १८७७ मध्ये हे पाठबळ काढून घेतले गेले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मत, शाळा, न्यायालय, बसमधली जागा असे जवळजवळ सगळेच हिरावले गेले. ते परत कसे मिळवले गेले, हे ज्या रस्त्यांवर घडले ते रस्ते अजून जागेवर आहेत आणि त्यांतले बहुतेक अटलांटापासून मोटारीने एका दिवसाच्या टप्प्यात येतात. फुल्यांची अर्पणपत्रिका ज्याने वाचली आहे, त्याने त्या अर्पणपत्रिकेनंतर काय झाले हे पाहण्यासाठी अलाबामा राज्यात जायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे.

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईवडील न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि नायगारा करून परततात. तिथे वर्षानुवर्षे राहणारी मराठी कुटुंबेही अलाबामाकडे सहसा वळत नाहीत. खालील आराखडा अटलांटाहून निघून अटलांटाला परत येणाऱ्या, स्वतःची किंवा भाड्याची मोटार असलेल्या कुटुंबासाठी आहे.

निघण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे वार निवडणे, कारण या सहलीत सर्वाधिक घोळ वारांमुळेच होतो. माँटगोमेरीतील लेगसी म्युझियम हे गुलामगिरी आणि वर्णभेदाच्या इतिहासाचे संग्रहालय आठवड्याच्या सुरुवातीला बंद असते, तर बर्मिंगहॅममधील संग्रहालय आणि माँटगोमेरीचे रोझा पार्क्स म्युझियम रविवारी उघडत नाहीत. म्हणून बुधवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परतणे सर्वांत सोयीचे. वेळापत्रके बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाचे संकेतस्थळ एकदा पाहून घ्यावे. जुलै-ऑगस्टमधला उकाडा आणि दमटपणा मे महिन्यातल्या कोकणाइतकाच जीव काढतो आणि या सहलीत चालणे बरेच आहे; ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल उत्तम. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात सेल्मा येथे पुलावरच्या १९६५ च्या मोर्चाच्या स्मृतिदिनाला मोठी गर्दी होते. त्या सोहळ्यात सामील व्हायचे असेल तर राहण्याची सोय काही महिने आधी करावी, नाहीतर तो आठवडा टाळावा.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. लेगसी म्युझियम, शांतता व न्यायाचे राष्ट्रीय स्मारक आणि नदीकाठचे फ्रीडम मॉन्युमेंट शिल्पउद्यान या तिन्ही जागा एकाच संस्थेच्या आहेत. तिन्हींना मिळून एकच तिकीट आहे आणि ते अगदी थोड्या डॉलरांत मिळते. हे तिकीट आधी काढावे. माँटगोमेरीतील डेक्स्टर ॲव्हेन्यू चर्च आणि बर्मिंगहॅममधील सोळाव्या रस्त्यावरचे बाप्टिस्ट चर्च आतून पाहायचे असेल तर तिथल्या मार्गदर्शित फेरीची वेळ ठरवून घ्यावी लागते. ही दोन्ही चर्चे आजही उपासनेची जागा आहेत. रविवारी गेल्यास प्रार्थनेला बसावे, पण प्रार्थना चालू असताना फोटो काढत फिरू नये.

तिसरी गोष्ट घड्याळाची. जॉर्जिया राज्यातून अलाबामात शिरताना वेळ एक तास मागे जातो. जाताना हा तास पदरात पडतो आणि येताना तो परत द्यावा लागतो.

शाकाहारी मंडळींनी खाण्याची तरतूद स्वतः करावी हे बरे. माँटगोमेरी आणि बर्मिंगहॅममध्ये काहीतरी मिळते, पण सेल्मा आणि मधल्या महामार्गावर पर्याय फारच थोडे आहेत. शिवाय दक्षिणेकडच्या पद्धतीच्या पालेभाज्या आणि घेवड्याच्या उसळी दिसायला शाकाहारी असल्या तरी त्या अनेकदा डुकराच्या मांसासोबत शिजवलेल्या असतात, म्हणून मागवण्याआधी स्पष्ट विचारावे. दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस सहज टिकतात.

अटलांटा: ऑबर्न ॲव्हेन्यू

अटलांटामधील भाग प्रवासाच्या आदल्या दिवशी उरकावा. ऑबर्न ॲव्हेन्यूवर मार्टिन लूथर किंग यांचा जन्म ज्या घरात १५ जानेवारी १९२९ रोजी झाला ते घर, त्यांचे वडील आणि पुढे ते स्वतः जिथे धर्मोपदेशक होते ते एबेनेझर बाप्टिस्ट चर्च आणि पाण्याच्या कुंडात मधोमध असलेली मार्टिन व कोरेटा किंग यांची समाधी, हे सगळे पायी दहा मिनिटांत येते. हा परिसर राष्ट्रीय उद्यान विभागाकडे असून प्रवेश विनामूल्य आहे. जन्मघर दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंद ठेवण्यात आले होते, त्यामुळे ते आतून पाहता येईल का याची चौकशी आधी करावी. माहिती केंद्राच्या बाहेर महात्मा गांधींचा पूर्णाकृती पुतळा आहे. किंग पतीपत्नी १९५९ साली भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात मुक्कामाला राहिले होते. त्यामुळे अहिंसक प्रतिकाराचे हे नाते नुसते पुस्तकी नव्हते.

पहिला दिवस: टस्कीगीवरून माँटगोमेरी

सकाळी लवकर निघून आय-८५ महामार्गाने सुमारे दोन तासांत टस्कीगी येते. मराठी माणसाला येथे नाव सांगावे लागत नाही, कारण जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे चरित्र आपल्याकडे पिढ्यांनी वाचले आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये कृष्णवर्णीयांसाठी ही शिक्षणसंस्था सुरू केली आणि १८९६ मध्ये कार्व्हर येथे आले ते १९४३ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. आवारातील जुन्या इमारती पाहताना त्यांच्या विटा निरखून पाहाव्यात. त्या विद्यार्थ्यांनी स्वतः भाजल्या आणि भिंतीही स्वतःच उभारल्या. कापसाने निकस झालेल्या जमिनीला पुन्हा कस यावा म्हणून शेतकऱ्यांनी भुईमूग, चवळी आणि रताळी घ्यावीत असा कार्व्हर यांचा आग्रह होता, आणि शेतकरी संस्थेपर्यंत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी १९०६ मध्ये घोडागाडीवर अवजारे व नमुने लादून संस्थाच शेतकऱ्यांपर्यंत नेली. कार्व्हर संग्रहालय पाहून झाल्यावर आवारातील छोट्या दफनभूमीत जावे. वॉशिंग्टन आणि कार्व्हर दोघेही तेथेच विसावले आहेत.

याच परिसरात आणखी दोन इतिहास आहेत. जवळच्या मोटन फील्ड विमानतळावर दुसऱ्या महायुद्धात कृष्णवर्णीय वैमानिकांना शिकवले गेले. तिथले छोटे संग्रहालय मुलांना आवडते. दुसरा इतिहास काळा आहे: १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने या जिल्ह्यातील शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांच्या उपदंश रोगाचा केवळ ‘अभ्यास’ केला आणि पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. दुपारी निघाल्यास तासाभराच्या आत माँटगोमेरी येते. पुढचे तिन्ही मुक्काम तेथेच करावेत.

दुसरा दिवस: माँटगोमेरी

सकाळी सर्वप्रथम राज्याच्या विधानभवनाच्या पायऱ्या चढाव्यात. वरच्या ओसरीत जमिनीवर एक पितळी तारा बसवलेला आहे. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष म्हणून जेफरसन डेव्हिस यांनी १८ फेब्रुवारी १८६१ रोजी जेथे शपथ घेतली, ती ही जागा. त्या ताऱ्यापाशी उभे राहून समोर पाहिले की डेक्स्टर ॲव्हेन्यू सरळ उतरत गेलेला दिसतो, आणि जेमतेम एका चौकाच्या अंतरावर लाल विटांचे एक साधे चर्च दिसते. १९५४ मध्ये पंचवीस वर्षांचे किंग या चर्चचे धर्मोपदेशक झाले. विधानभवन आणि हे चर्च एकमेकांच्या इतके जवळ आहे की या शहरातील लढा कोणाच्या दारात लढला गेला, हे समजायला वेगळ्या नकाशाची गरज लागत नाही.

चर्च पाहून त्याच रस्त्याने खाली कोर्ट स्क्वेअरच्या कारंज्यापर्यंत चालत जावे. अंतर अर्ध्या मैलाच्या आसपास आहे आणि उतार असल्याने ज्येष्ठांनाही जमते. या चौकात माणसांचा लिलाव होत असे. याच चौकातील एका इमारतीतून एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट समटर या किल्ल्याविषयीचा तो तारसंदेश गेला, ज्यातून यादवी युद्धाला तोंड फुटले. आणि १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स याच चौकात बसमध्ये चढल्या. त्यांचा पुतळा येथे उभा आहे. अमेरिकेच्या इतिहासातील इतक्या गोष्टी इतक्या थोड्या जागेत मला इतरत्र क्वचितच आढळल्या आहेत, म्हणून हा रस्ता मोटारीतून पाहू नये.

थोडे पुढे, जेथे त्यांना अटक झाली तेथे आता रोझा पार्क्स म्युझियम आहे. आत शिरण्यापूर्वी एक-दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. पार्क्स गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या पुढच्या रांगांत बसल्या नव्हत्या. मधल्या भागात कृष्णवर्णीयांना बसता येई, मात्र गोऱ्या प्रवाशाला जागा कमी पडली की उठावे लागे, आणि त्या दिवशी एका माणसासाठी चौघांना उठायला सांगण्यात आले. तिघे उठले, पार्क्स उठल्या नाहीत. त्याआधी नऊ महिने, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही याच कारणासाठी अटक झाली होती, आणि ज्या खटल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने बसमधील हा भेद घटनाबाह्य ठरवला त्या खटल्यातील वादींमध्ये पार्क्स नव्हत्या, कोल्विन होती. पार्क्स यांची अटक अचानक घडली, पण त्यानंतरचा बसगाड्यांवरचा बहिष्कार अजिबात अचानक नव्हता: जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने रातोरात हजारो पत्रके छापून घेतली, ती शहरभर वाटली गेली आणि ५ डिसेंबरपासून बसगाड्या रिकाम्या धावू लागल्या. टॅक्सीवाल्यांनी बसच्या भाड्यात, म्हणजे दहा सेंटमध्ये, प्रवासी नेण्यास सुरुवात केली तेव्हा नगरपालिकेने किमान भाड्याचा नियम पुढे केला. त्यावर आंदोलकांनी खासगी मोटारींचे थांबे, वेळा आणि चालक यांची स्वतंत्र व्यवस्था उभारली. हे सगळे ३८१ दिवस चालले. संग्रहालयात भाषणांपेक्षा या व्यवस्थेकडे अधिक लक्ष द्यावे, कारण चळवळ टिकली ती तिच्यामुळे.

दुपार लेगसी म्युझियम आणि राष्ट्रीय स्मारकासाठी राखून ठेवावी. दोन्ही मिळून चार तास लागतात. संग्रहालयात छायाचित्रणाला परवानगी नाही. बारा वर्षांखालील मुलांना आत नेण्यापूर्वी पालकांनी विचार करावा, कारण काही दालने मोठ्यांनाही झेपत नाहीत. जमावाने केलेल्या हत्यांच्या जागांवरून आणलेल्या मातीच्या बरण्यांचे एक दालन आहे. काळी, तांबडी, पिवळट, राखाडी अशा रंगांची माती ओळीने मांडलेली आहे आणि प्रत्येक बरणीवर एक नाव व एक दिनांक आहे.

स्मारक टेकडीवर आहे. १८७७ ते १९५० या काळात जमावाने ठार मारलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांसाठी ते उभारले असून २०१८ मध्ये खुले झाले. गंजलेल्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी स्तंभ आहेत, प्रत्येक स्तंभ एका काउंटीचा म्हणजे जिल्ह्याचा, आणि त्यावर तिथल्या बळींची नावे कोरलेली. सुरुवातीला स्तंभ आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतात आणि नावे सहज वाचता येतात. मग पायाखालची जमीन उतरू लागते, स्तंभ होते तिथेच राहतात, आणि शेवटच्या भागात ते सगळे आपल्या डोक्यावर लटकत असतात. तिथल्या भिंतीवरच्या लहान पाट्यांवर या माणसांना कोणत्या ‘गुन्ह्यासाठी’ मारले गेले ते एकेका वाक्यात लिहिले आहे. त्या पाट्या सावकाश वाचाव्यात. तुम्ही अमेरिकेत ज्या काउंटीत राहता तिचा स्तंभ येथे आहे का, हेही शोधावे; राज्यवार मांडणी असल्याने सापडायला वेळ लागत नाही.

वेळ उरल्यास नदीकाठचे शिल्पउद्यान पाहावे. तेथील ४३ फूट उंच भिंतीवर १८७० च्या जनगणनेतून घेतलेली १,२२,००० हून अधिक आडनावे आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांची नावानिशी नोंद झालेली ती पहिलीच जनगणना. माया लिन यांनी घडवलेले काळ्या ग्रॅनाइटचे नागरी हक्क स्मारक मात्र संध्याकाळी जाता-येता पाहता येते. उघड्यावर असून त्याच्या गोल पृष्ठावर कोरलेल्या नावांवरून पाणी वाहत असते.

तिसरा दिवस: सेल्मा आणि महामार्ग ८०

बहुतेक लोक सेल्माला जातात, पुलावर फोटो काढतात आणि तासाभरात निघतात. तसे करू नये. सकाळी माँटगोमेरीहून महामार्ग ८० ने मध्ये न थांबता थेट सेल्माला जावे, सुमारे ५० मैल, आणि परत येताना १९६५ चा मोर्चा ज्या दिशेने चालला त्या दिशेने थांबत थांबत यावे.

सेल्मात सुरुवात ब्राउन चॅपल या चर्चपासून करावी. १९६५ मध्ये या काउंटीतील निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती, पण त्यांच्यापैकी मतदार म्हणून नोंद झालेले जेमतेम दोन टक्के होते. साक्षरता चाचणीच्या नावाखाली नोंदणी अधिकारी वाटेल तो प्रश्न विचारून अर्ज फेटाळत. मतदानाचा अधिकार मागणाऱ्या एका मिरवणुकीत जिमी ली जॅक्सन या तरुणाला जवळच्या मॅरियन गावात राज्य पोलिसाने गोळी घातली आणि तो दगावला. त्यानंतर ७ मार्च १९६५ च्या रविवारी सुमारे ६०० लोक ब्राउन चॅपलमधून माँटगोमेरीकडे पायी निघाले.

गाडी चर्चपाशीच ठेवून तुम्हीही चालत निघावे. पुलापर्यंत मैलभरही अंतर नाही. एडमंड पेटस हा पूल १९४० मध्ये बांधला गेला आणि त्याला दक्षिणी सेनेतील एका सेनापतीचे नाव दिले गेले, जे आजही त्याच्या कमानीवर आहे. या पुलाची एक गोष्ट छायाचित्रांत कळत नाही: तो मध्यभागी उंच आहे. शहराच्या बाजूने चढताना पलीकडचा रस्ता दिसतच नाही. सर्वांत उंच जागी पोहोचल्यावरच पलीकडे काय उभे आहे ते दिसते. त्या दिवशी तेथे लाठ्या, अश्रुधूर आणि घोडेस्वार घेऊन पोलीस उभे होते, आणि ते दिसल्यावरही जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स या नेत्यांच्या मागची रांग पुढे चालत राहिली. उंचवट्यावर दोन मिनिटे थांबावे आणि मग पलीकडे उतरावे.

त्या रविवारची मारहाण दूरचित्रवाणीवर देशभर दिसली. २१ मार्चला न्यायालयाच्या परवानगीने मोर्चा पुन्हा निघाला, ५४ मैल चालून २५ मार्चला माँटगोमेरीच्या विधानभवनापुढे पोहोचला तेव्हा सुमारे २५,००० लोक जमले होते, आणि ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी झाली.

परतीच्या वाटेवर लागणारी लाउंड्स काउंटी हा माझ्या मते या सहलीचा गाभा आहे, आणि दुर्दैवाने तिथेच कोणी थांबत नाही. महामार्गाला लागूनच राष्ट्रीय उद्यान विभागाचे माहिती केंद्र आहे. काउंटीतील सुमारे ८० टक्के वस्ती कृष्णवर्णीय होती आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही नोंदणीकृत मतदार नव्हता. मोर्चा पुढे निघून गेल्यावर ज्या कुळांनी मतदार म्हणून नाव नोंदवले, त्यांना जमीनमालकांनी राहत्या घरांतून बाहेर काढले आणि ती कुटुंबे तंबूंत राहू लागली. माहिती केंद्र त्या तंबूवस्तीच्याच जागेवर आहे.

येथील लोकांनी मग स्वतःचा पक्ष काढला. अनेक मतदारांना वाचता येत नसल्याने मतपत्रिकेवर चिन्ह लागे, ही पद्धत आपल्याला नव्याने समजावण्याची गरज नाही. राज्यातील प्रबळ डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते. लाउंड्सच्या शेतकऱ्यांनी काळा पँथर निवडला. १९६६ च्या निवडणुकीत त्यांचे उमेदवार हरले, पण ते चिन्ह त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाने घेतले, आणि त्या पक्षापासून प्रेरणा घेऊन नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना केली. वरळी-नायगावच्या भिंतींपर्यंत पोहोचलेल्या नावाचे मूळ या कापसाच्या शेतांत आहे. केंद्रातील तो भाग मराठी वाचकाने चुकवू नये आणि सोबतच्या मुलांना हा धागा अवश्य सांगावा.

याच रस्त्यावर एका उंचवट्यावर व्हायोला लिउझो यांचे स्मारक आहे. डेट्रॉइटहून आलेल्या, पाच मुलांची आई असलेल्या या गोऱ्या महिलेला मोर्चा संपल्याच्या रात्री, आंदोलकांना मोटारीने पोहोचवत असताना, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेच्या लोकांनी गोळ्या घातल्या. महामार्गावर पेट्रोल पंप आणि स्वच्छतागृहे विरळ आहेत, तेव्हा सेल्मा सोडण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी.

चौथा दिवस: बर्मिंगहॅम

माँटगोमेरीहून आय-६५ ने दीड तासात बर्मिंगहॅम येते. पाहण्याच्या जागा एकाच चौकात आहेत: केली इन्ग्रम पार्क, सोळाव्या रस्त्यावरचे बाप्टिस्ट चर्च आणि नागरी हक्क संग्रहालय. आधी संग्रहालय, मग चर्च, शेवटी पार्क हा क्रम ठेवावा. किंग यांना एप्रिल १९६३ मध्ये येथेच अटक झाली आणि आठ गोऱ्या धर्मगुरूंनी केलेल्या ‘घाई करू नका’ अशा उपदेशाला त्यांनी तुरुंगातून, वर्तमानपत्राच्या समासांवर लिहायला सुरुवात करून, सविस्तर उत्तर दिले. २ मे रोजी हजाराहून अधिक शाळकरी मुले चर्चमधून रस्त्यावर आली आणि शेकडोंना अटक झाली. दुसऱ्या दिवशी पाण्याचे दाबाचे फवारे आणि पोलिसी कुत्रे मुलांवर सोडण्यात आले. पार्कमधल्या एका पायवाटेवर दोन्ही बाजूंनी अंगावर झेपावणारे धातूचे कुत्रे उभे केले आहेत आणि वाट त्यांच्या मधूनच जाते.

१५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सकाळी १० वाजून २२ मिनिटांनी चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या तिघी आणि अकरा वर्षांची डेनिस मॅकनेअर, अशा चार मुली मरण पावल्या. पहिल्या आरोपीला शिक्षा झाली १९७७ मध्ये, उरलेल्या दोघांना २००१ आणि २००२ मध्ये. चर्चमध्ये मागच्या बाजूला वर पाहावे: वेल्समधील सामान्य लोकांनी लहान लहान वर्गणीतून दिलेल्या रंगीत काचेच्या खिडकीत कृष्णवर्णीय ख्रिस्त आहे.

बर्मिंगहॅमहून अटलांटा आय-२० ने सुमारे १५० मैल आहे. राज्याची सीमा ओलांडताना घड्याळ एक तास पुढे जाईल, म्हणून रात्री साडेसातपर्यंत घरी पोहोचायचे असल्यास बर्मिंगहॅम दुपारी चारपर्यंत सोडावे.